डूलॉखची वाट : मृत्यू सोळा की चारशे?

३० मार्च १८४९, शुक्रवार. आयर्लंडच्या पश्चिम टोकाला मेयो परगण्यात लुइसबर्ग नावाचं लहानसं गाव आहे. तिथे त्या दिवशी दुष्काळग्रस्तांची हजेरी घ्यायला वेस्टपोर्ट युनियनचे, म्हणजे गरिबांच्या मदतीसाठी पाडलेल्या विभागाचे, दोन अधिकारी येणार होते. कर्नल हॉग्रोव्ह हे युनियनचा कारभार पाहणाऱ्या गार्डियन मंडळाचे सदस्य होते आणि कॅप्टन प्रिमरोज हे पुअर लॉचे, म्हणजे गरिबांच्या मदतीच्या कायद्याचे, निरीक्षक. मदतीच्या यादीत नाव असलेल्या प्रत्येकाने समक्ष उभं राहायचं आणि खरा गरजू कोण ते साहेबांनी ठरवायचं, अशी पद्धत होती. ती तपासणी काही लुइसबर्गमध्ये झाली नाही. साहेब तिथून दक्षिणेला १२ मैलांवरच्या डेल्फाय लॉज या शिकारीच्या बंगल्यावर गेले. मागे राहिलेल्यांना निरोप मिळाला : मदत चालू राहायला हवी असेल तर उद्या सकाळी ७ वाजता डेल्फायला हजर व्हा.

१२ मैल म्हणजे १९ किलोमीटर. धडधाकट माणूस चार-पाच तासांत चालेल. पण ही माणसं चौथ्या वर्षाचा दुष्काळ काढत होती. सातच्या आत पोचायचं तर रात्रीच निघायला हवं होतं. बायाबापड्या, म्हातारे, कडेवर पोरं घेतलेल्या आया असे शेकडो लोक अंधारात चालू लागले. वाट डूलॉख या लांबट तळ्याच्या काठाने जाते. एका अंगाला ८१४ मीटर उंचीचा म्वीलरे डोंगर, दुसऱ्या अंगाला शीफ्रीच्या टेकड्या आणि मधल्या अरुंद खोऱ्यात अटलांटिकवरून घुसणारा वारा. मार्च संपत आला तरी तिकडे थंडी सरलेली नसते. त्या रात्री हवा फार वाईट होती. सकाळी डेल्फायला हजेरी लागली आणि त्याच वाटेने माणसं माघारी फिरली. जी परतली नाहीत, त्यांचं हे प्रकरण आहे.

या घटनेचा सर्वात जुना लेखी पुरावा म्हणजे एक पत्र. 'द मेयो कॉन्स्टिट्यूशन' या स्थानिक वर्तमानपत्राच्या १० एप्रिल १८४९ च्या अंकात ते छापून आलं. खाली नाव नव्हतं, 'एक करदाता' एवढीच सही होती. डेल्फाय ते लुइसबर्ग या वाटेवर ७ मृतदेह सापडले, त्यांत बाया आणि मुलंही होती, आणि आणखी ९ जण घरी पोचलेच नाहीत, असं त्याने लिहिलं होतं. म्हणजे एकूण १६. गावातल्या लोकांना विचारलं तर आकडा वेगळा निघतो. पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं गेलं ते असं : ६०० निघाले, ४०० मेले.

१६ आणि ४०० यांच्यातली दरी हाच या प्रकरणाचा गाभा आहे. लोकस्मृतीवर लिहिणारे पुष्कळदा एका टोकाला जातात. कागद खरा धरून लोकांचं बोलणं अतिशयोक्ती म्हणून बाजूला ठेवतात, नाहीतर लोकांचं ते खरं मानून कागदाला सरकारी म्हणून झिडकारतात. डूलॉखच्या बाबतीत दोन्ही चुकीचं आहे. असं का म्हणतो, ते कळायला आधी त्या काळची मदतीची व्यवस्था पाहावी लागेल.

१८४५ च्या सप्टेंबरात आयर्लंडमध्ये बटाट्यावर करपा दिसला. आपल्याकडचे बटाटा-टोमॅटोवाले शेतकरी ज्याला उशिरा येणारा करपा म्हणतात, तोच हा रोग. १८४६ मध्ये जवळजवळ सगळं पीक गेलं. १८४७ मध्ये रोग कमी होता, पण लावायला बियाणंच उरलं नव्हतं. लोकांनी कसंबसं बियाणं जमवून १८४८ मध्ये पुन्हा लावलं आणि करपा पुन्हा आला. पश्चिमेकडचा गरीब माणूस अक्षरशः बटाट्यावर जगायचा. राबणारा गडी दिवसाला पाच-सहा किलो बटाटे खाई. सोबत मिळालं तर ताक, नाहीतर नुसतं मीठ. बाकी पिकवलेलं धान्य आणि पाळलेलं डुक्कर खंड भरण्यासाठी विकायचं. त्यामुळे बटाटा गेला आणि ताटातलं सगळंच गेलं.

सुरुवातीला सरकारने खडी फोडायची आणि रस्त्यांची कामं काढली. पुढे १८४७ मध्ये काही महिने मोफत सूप वाटलं. त्यानंतर लंडनने ठरवलं की दुष्काळ संपला, आता उरलेला भार आयर्लंडच्या स्थानिक करांवर पडू दे. १८३८ च्या पुअर लॉप्रमाणे देशाच्या १३० युनियन पाडल्या होत्या. प्रत्येक युनियनला एक वर्कहाउस, म्हणजे निराधारांना आत ठेवून काम करून घेणारं आश्रयगृह, त्यावर गार्डियन मंडळ आणि खर्चासाठी त्याच भागातल्या जमिनींवर कर. जिथे दुष्काळ सर्वात भयंकर, तिथे कर भरायची ताकद सर्वात कमी, एवढं साधं गणित या योजनेत बसत नव्हतं. १८४७ च्या जूनमध्ये कायदा बदलला आणि वर्कहाउसच्या बाहेरही शिधा द्यायची मुभा मिळाली. मोठ्या माणसाला दिवसाला साधारण १ रत्तल मक्याचं पीठ, म्हणजे ४५० ग्रॅमच्या आसपास.

त्याच कायद्यात एक कलम घुसडलं गेलं. खासदार विल्यम ग्रेगरी यांच्या नावाने ते ओळखलं जातं. पाव एकरापेक्षा जास्त जमीन ज्याच्याकडे आहे त्याला मदत नाही. आपल्या हिशोबात १० गुंठे. शिधा हवा असेल तर जमीन सोडा. दुसऱ्या बाजूने, ४ पौंड किंवा त्याहून कमी मूल्याच्या जमिनीचा कर कुळाऐवजी जमीनदाराने भरायचा असा नियम होता. मग बारकी कुळं बेदखल केली की जमीनदाराचा कर वाचणार. एक कलम कुळाला जमीन सोडायला लावत होतं, दुसरं जमीनदाराला कूळ हाकलायला. आणि डोक्यावर कर वाढत चालला म्हणून करदात्यांचा सतत धोशा होता की यादीत खोटी नावं फार आहेत, छाटणी करा.

लुइसबर्गची तपासणी या धोशातून आली होती. यादीतला प्रत्येक माणूस साहेबांच्या नजरेखालून गेला पाहिजे, हा नियमच होता. म्हणून हॉग्रोव्ह आणि प्रिमरोज यांना एकेकटे राक्षस ठरवून हे प्रकरण मिटवता येत नाही. त्यांच्याजागी दुसरे कोणी असते तरी हजेरी घ्यावीच लागली असती. मात्र हजेरीची जागा बदलणं, ती १२ मैल लांब नेणं आणि सकाळी सातची वेळ देणं, हे कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नव्हतं. ते या दोघांच्या सोयीचं होतं, आणि त्याचा दोष त्यांच्याकडून काढून घेता येणार नाही.

याच महिन्यात डब्लिनमध्ये आणखी एक गोष्ट घडत होती. आयर्लंडच्या पुअर लॉचे मुख्य आयुक्त एडवर्ड ट्विसल्टन यांनी मार्च १८४९ मध्ये राजीनामा दिला. व्हाइसरॉय लॉर्ड क्लॅरेंडन यांनी पंतप्रधानांना कळवलेलं कारण असं : इथली हलाखी इतकी भीषण आहे आणि पार्लमेंटची बेपर्वाई इतकी उघड आहे, की लोकांचा नायनाट करणाऱ्या धोरणाचं हत्यार व्हायला आपण लायक नाही असं ट्विसल्टनना वाटतं. खात्याचा सर्वोच्च अधिकारी हे म्हणत होता, आणि त्याच खात्याची हजेरीची पद्धत लुइसबर्गला बिनबोभाट चालू होती. खाली काय घडतंय हे वर कोणाला ठाऊक नव्हतं, ही सबब इथे चालत नाही.

आता लोकांनी सांगितलेली हकिकत. ती थोड्याफार फरकाने अशी आहे. उपाशी माणसं लुइसबर्गच्या रिलीव्हिंग ऑफिसरकडे, म्हणजे मदत वाटणाऱ्या अधिकाऱ्याकडे, गेली. तो म्हणाला, माझ्या हातात काही नाही, डेल्फायला गार्डियन बसलेत, त्यांच्याकडे जा. काहींनी ती रात्र उघड्यावर काढली, त्यातले काही सकाळी उठलेच नाहीत. उरलेले डेल्फायला पोचले तेव्हा साहेब जेवायला बसले होते. जेवण होईपर्यंत थांबा, असा निरोप आला. माणसं झाडांखाली बसून राहिली. जेवण आटोपून साहेब बाहेर आले आणि ना शिधा दिला, ना वर्कहाउसची चिठ्ठी. परतीच्या वाटेवर गारा आणि वारा सुरू झाला, तळ्यावरच्या कड्याजवळ वाऱ्याच्या एका झोताने माणसं पाण्यात फेकली गेली. सापडलेल्या प्रेतांच्या तोंडात गवत होतं.

या हकिकतीतलं किती खरं? ४०० मृत्यू एका दिवसात, एका वाटेवर झाले असते, तर १८४९ सारख्या काळातही त्याचा बोभाटा डब्लिन-लंडनच्या वर्तमानपत्रांत झाला असता, असं मला वाटतं. तोंडात गवत असलेलं प्रेत हे चित्र आयर्लंडभरच्या दुष्काळकथांत येतं. ते इथलंच असेल किंवा दुसरीकडून येऊन इथे चिकटलं असेल. वाऱ्याच्या झोताने माणसं तळ्यात पडली, हेही कथेने रंगवलेलं असू शकतं, जरी ती जागा पाहता ते अशक्य म्हणवत नाही.

पण पत्रातला १६ हा आकडा तरी पूर्ण कसा धरायचा? घटनेनंतर अवघ्या काही दिवसांत एकट्या माणसाने लिहिलेलं ते पत्र. वाटेवर सापडले आणि घरी आले नाहीत, एवढेच त्याने मोजले. जे ओल्या कपड्यांनी घरी पोचले आणि आठवडाभरात तापाने गेले, ते यात येणार नाहीत. डोंगरातल्या सुट्या झोपड्यांतून एकटाच निघालेला, ज्याची वाट पाहणारं घरात कोणी उरलं नव्हतं, तोही येणार नाही. दुष्काळात मरणाऱ्यांपैकी बहुतेकांना उपासमारीपेक्षा टायफस, पुनरावर्ती ताप आणि हगवणीनेच नेलं. एका रात्रीच्या थंडीने किती जणांचं उरलेलं बळ संपवलं, हे मोजणारी कोणतीही हजेरी तेव्हा नव्हती. म्हणून १६ हा किमान आकडा आहे, एवढंच म्हणता येतं.

आणि ४००? माझ्या मते या आकड्यात चार-पाच वर्षांचे मृत्यू एका रात्रीत गोळा झालेत. १८४१ च्या जनगणनेत मेयोची लोकसंख्या ३ लाख ८८ हजारांवर होती, १८५१ मध्ये ती २ लाख ७४ हजार उरली. अख्ख्या देशाची ८१ लाख ७५ हजारांवरून ६५ लाख ५२ हजारांवर आली. जवळपास १० लाख मेले आणि तितकेच किंवा जास्तच जहाजांत बसून गेले. खोऱ्यातली वाडीच्या वाडी ओस पडली, पण एकेक मृत्यू एकेका झोपडीत, एकेका दिवशी, कोणाच्या नजरेत न भरता झाला. असे मृत्यू सांगायला गोष्ट मिळत नाही. डूलॉखच्या रात्रीला वाट होती, वेळ होती, साहेब होते, हुकूम होता. म्हणून बाकीच्या सगळ्या मृतांना त्या रात्रीत जागा मिळाली. आकडा त्या रात्रीपुरता चुकीचा आहे, त्या पंचक्रोशीच्या दुष्काळासाठी मात्र फार मोठा नाही.

साहेबांच्या जेवणाच्या तपशिलाबाबतही मला असंच वाटतं. ते जेवण खरंच चालू होतं की नाही, याने फारसा फरक पडत नाही. उपाशी माणसाला चालवत आणायचं आणि ताटकळत ठेवायचं, हा त्या व्यवस्थेचा रोजचा रिवाज होता. लोकांनी तो एका दृश्यात पकडला. 'एक करदाता' हा स्वतः कर भरणाऱ्या वर्गातला, म्हणजे ज्यांच्या तक्रारींमुळे तपासण्या होत होत्या त्यांच्यातला. तरी त्याला राहवलं नाही आणि त्याने लिहिलं. त्या वर्गातही सगळे दगडाचे नव्हते, हे लोककथेत येत नाही. ते सांगायला पत्रच लागतं.

लोककथेत न येणाऱ्या गोष्टी आणखीही आहेत, आणि मला त्या जास्त महत्त्वाच्या वाटतात. १९३५ मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. १९३७ पासून त्याने प्राथमिक शाळांतल्या मुलांना कामाला लावलं. सुमारे ५,००० शाळांतली सुमारे ५०,००० मुलं घरच्या आणि शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारून आठवणी वहीत उतरवू लागली. पुढे १९४५ मध्ये, दुष्काळाची शंभरी आली तेव्हा, आयोगाने खास दुष्काळावर प्रश्नावली पाठवली. उत्तरं देणारे सत्तरी-ऐंशीचे होते. त्यांचा जन्म दुष्काळानंतरचा, पण त्यांचे आईबाप तो काढून जगलेले.

या उत्तरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येते. आमच्याकडे तेवढं वाईट नव्हतं, पलीकडच्या गावात फार मेले. पलीकडच्या गावातला म्हातारा अलीकडच्या गावाबद्दल तेच सांगतो. आपल्या घरातलं माणूस अन्नावाचून गेलं, आपल्या आजीने पीठ चोरलं, आपल्या आज्याने सुपासाठी धर्म बदलला, हे कोण सांगेल? सुपासाठी प्रोटेस्टंट झालेल्यांची नावं मात्र गावाने शंभर वर्षं लक्षात ठेवली, अर्थात दुसऱ्या घरातली. मेलेल्या किंवा परदेशी गेलेल्या कुळाची जमीन कोणाच्या वाट्याला आली, यावरही बोलणं आखडतं, कारण ती कसणारा कित्येकदा सांगणाऱ्याचाच भाऊबंद असतो. दुष्काळात पिठाचे भाव चढवून, उधारीवर जमिनी गिळून मोठे झालेले गावचेच दुकानदार आणि सधन शेतकरी होते. डेल्फायचे साहेब बाहेरचे, म्हणून त्यांच्याबद्दल मोकळेपणाने बोलता आलं. इतर गावकऱ्यांबद्दल बोलायचं तर रविवारी चर्चमध्ये त्याच माणसांशेजारी बसायचं होतं.

याच संग्रहांत काही फार सुंदर गोष्टीही सापडतात. एक कथा परगण्यापरगण्यांत आहे. घरधनीण दारात येणाऱ्या प्रत्येकाला पेटीतलं पीठ देत राहते. नवरा संध्याकाळी येऊन पेटी उघडतो, आता बायकोला बोलायचंच म्हणून, आणि पेटी काठोकाठ भरलेली. दुसरी समजूत भुकेच्या गवताची. रानात एखाद्या ठिकाणी पाय पडला की चालत्या माणसाच्या अंगातलं बळ एकाएकी निघून जातं, पाय लटपटतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तिथे कोणीतरी उपाशी मेलेलं असतं. उपाय एकच, ओटच्या भाकरीचा तुकडा तोंडात टाकायचा. म्हणून लांब डोंगर ओलांडायचा असेल तर खिशात तुकडा ठेवूनच निघायचं. ही समजूत बहुधा दुष्काळाहून जुनी आहे, दुष्काळाने तिला ठिकाणं पुरवली. लिखित इतिहासात अमुक युनियनमध्ये अमुक मृत्यू असं येतं. भुकेचं गवत मात्र बांधावर, वळणावर, चढाच्या माथ्यावर असतं. त्या मृतांना दुसरा दगड कोणी लावला नव्हता.

डूलॉखला दगड लागला तो फार उशिरा. १९८८ पासून 'आफ्री' ही आयरिश संस्था दरवर्षी या वाटेवर दुष्काळयात्रा काढते. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेझमंड टूटू या यात्रेत चालले. अमेरिकेतले चोक्टॉ आदिवासीही चालले. त्यांच्या पूर्वजांना १८३० च्या दशकात सक्तीने शेकडो मैल चालवत नेलं होतं, आणि त्याच लोकांनी १८४७ मध्ये आयर्लंडच्या उपाशी माणसांसाठी वर्गणी पाठवली होती. तळ्यापाशी उभारलेल्या क्रूसावर १८४९ मध्ये इथून चाललेल्या आणि आज तिसऱ्या जगात चालणाऱ्या भुकेल्या गरिबांचं स्मरण कोरलंय, आणि सोबत महात्मा गांधींचं वाक्य आहे : आपल्यासारख्याच माणसांचा अपमान करण्यात माणसांना भूषण कसं काय वाटतं?

गांधींचं वाक्य तिथे शोभेला लावलेलं नाही. डूलॉखची व्यवस्था ज्या साम्राज्याने चालवली, त्याच साम्राज्याने तीच मापं पुढे आपल्याकडे लावली. आयर्लंडच्या मदतीचा हिशोब लंडनच्या ट्रेझरीतून सांभाळणारे चार्ल्स ट्रेव्हेल्यन तरुणपणी दिल्लीत ईस्ट इंडिया कंपनीचे नोकर होते आणि १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर होऊन परत आले. १८७६-७८ च्या दुष्काळात सोलापूर, नगर, पुणे, सातारा या भागांत कामं निघाली, तेव्हा सरकारला तीच चिंता होती : खोटे गरजू यादीत घुसतील. उपायही ओळखीचा होता. घराजवळच्या कामावर घ्यायचं नाही, १० मैल लांबच्या कामावर पाठवायचं. जो एवढं चालेल तोच खरा गरजू. १८७७ च्या सुरुवातीला दुष्काळी कामांची पाहणी करायला सरकारने पाठवलेले सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी कापून दिवसाला १ रत्तल धान्य आणि वर अर्धा आणा एवढ्यावर आणली. लुइसबर्गच्या यादीतल्या माणसालाही १ रत्तलच मिळत होतं.

इथे मात्र एक गोष्ट वेगळी घडली. मुंबई इलाख्यातल्या दुष्काळी कामांवरच्या हजारो मजुरांनी ही मजुरी नाकारून काम सोडलं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने जिल्ह्याजिल्ह्यांतली माहिती जमवून सरकारला अर्जांवर अर्ज पाठवले. डूलॉखच्या माणसांचं म्हणणं तेव्हाच्या तेव्हा मांडणारं एकच पत्र उरलं, आणि बाकीचं त्यांच्या नातवंडांना सांगावं लागलं. दख्खनच्या मजुरांचं म्हणणं मांडणारे अर्ज सार्वजनिक सभेच्या दप्तरात आहेत. त्या संपात उठून गेलेल्यांच्या घरी पुढे काय सांगितलं गेलं, ते विचारत गावोगाव वही घेऊन फिरलेली ५०,००० मुलं मात्र आपल्याकडे नव्हती.